टोमॅटोतलं पाणी

एक किलो पिकलेले टोमॅटो घरी आणले, तर त्यांत साधारण 940 ग्रॅम पाणी असतं. उरलेल्या साठ ग्रॅमांत सगळा ऐवज : साखर, आम्लं, रंग, गर बांधून ठेवणारं पेक्टिन आणि ज्यांच्यामुळे टोमॅटो टोमॅटोसारखा लागतो ती वासाची द्रव्यं. इटलीतल्या साध्या टोमॅटो सॉसची, म्हणजे ‘साल्सा दी पोमोदोरो’ची, सगळी खटपट या पाण्याभोवती फिरते. पाणी जास्त राहिलं की पास्त्याच्या ताटलीत तळाशी लालसर पाणी साचतं आणि पास्ता वर कोरडाच राहतो. फार आटवलं की टोमॅटोचा ताजेपणा निघून जातो आणि मुरंब्याकडे झुकणारी गोड, जड चव उरते. किती पाणी घालवायचं, किती वेगानं आणि कशात, एवढं जमलं की बाकी करण्यासारखं फारसं काही नाही. टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण किंवा कांदा, मीठ आणि बेसिलची चार पानं, एवढ्यावर यादी संपते.

यादी इतकी आखूड असल्यामुळेच मराठी हात अडखळतो. टोमॅटो आपल्याला नवा नाही. सार, कोशिंबीर, चटणी, रस्सा, सगळीकडे तो आहे. पण आपल्याकडे त्याचं काम बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला आंबटपणा पुरवण्याचं. चिंच, आमसूल, कैरी, ताक यांच्या पंगतीत तो उशिरा येऊन बसला आणि त्यांच्यातलाच झाला. टोमॅटोच्या नावानं ओळखलं जाणारं सारसुद्धा नारळाचं दूध, जिरं, मिरची आणि कढीलिंब यांच्या भरवशावर उभं असतं. इटालियन सॉसमध्ये टोमॅटोला कुणाची साथ करायची नसते. गाणं त्याचंच. म्हणून पहिल्यांदा सॉस करणाऱ्याला मध्येच वाटतं, काहीतरी राहिलंय; मग चिमूटभर लाल तिखट पडतं, त्यामागोमाग गरम मसाला, शेवटी रंगासाठी बाटलीतला केचप. जे तयार होतं ते पोळीशी छान लागू शकतं. फक्त तो रस्सा असतो.

इटलीलाही हा साधेपणा आयता मिळाला नव्हता. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या परिसरातले. आज आपण ओळखतो तशा फळाची लागवड मेक्सिकोच्या बाजूला स्थिरावली आणि तिथल्या अ‍ॅझटेक लोकांच्या बाजारात मिरची-टोमॅटोचं वाटण सर्रास विकलं जात होतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर टोमॅटो युरोपात आला. इटलीत त्याची पहिली लेखी नोंद 1544 ची, सिएनाचा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली याची. लोक तो वांग्यासारखा तेल, मीठ आणि मिरी घालून खातात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. चार वर्षांनी, 1548 च्या ऑक्टोबरअखेरीस, फ्लॉरेन्सजवळच्या शेतातून टोमॅटोची एक टोपली कोसिमो दे मेदिची या ड्यूकच्या पिसातल्या वाड्यावर पोचली. टोपली सुखरूप आल्याची पोच कारभाऱ्यानं लेखी दिली आहे. त्या टोमॅटोंचं पुढे झालं काय, ते मात्र त्या पोचेत नाही.

पुढची दीडशे वर्षं इटलीतल्या खात्यापित्या घरांनी टोमॅटोला बागेत जागा दिली, ताटात फारशी दिली नाही. कारण पुन्हा पाणीच. त्या काळचं युरोपीय वैद्यक प्राचीन ग्रीक वैद्य गालेन याच्या परंपरेतलं. प्रत्येक पदार्थ उष्ण की शीत, कोरडा की ओला, हे त्यात पाहिलं जाई. आयुर्वेदाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटणार नाही. त्या मोजपट्टीवर टोमॅटो शीत आणि ओला ठरला, म्हणजे पचनाला बाधक. काकडी, खरबूज, वांगं यांच्यावरही हाच आरोप होता. त्यातून टोमॅटोचं कूळ विषारी बेलाडोनाचं, त्यामुळे संशयाला आणखी बळ मिळालं.

सॉसची इटलीतली पहिली छापील कृती मिळते ती नेपल्समध्ये. आंतोनियो लातिनी हा अनाथ मुलगा नोकर म्हणून कामाला लागला आणि वाढत वाढत स्पॅनिश व्हाइसरॉयच्या दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुदपाकखान्याचा कारभारी झाला. त्याच्या ‘लो स्काल्को आल्ला मोदेर्ना’ या पुस्तकाचे दोन खंड 1692 आणि 1694 मध्ये निघाले. त्यात ‘स्पॅनिश पद्धतीचा’ टोमॅटो सॉस आहे : टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, बारीक चिरायचे, मग कांदा, मिरची, थाईम, मीठ, तेल आणि व्हिनेगर. नेपल्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं, म्हणून नावात स्पेन. वाचताना आपल्याला भाजलेल्या टोमॅटोची चटणी आठवते, आणि तो पदार्थ होताही तसाच, उकडलेल्या मांसाबरोबर तोंडी लावायचा. पास्त्याचा त्यात कुठे उल्लेख नाही.

पास्ता आणि टोमॅटो ही जोडी अनादि काळापासूनची असावी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नेपल्सच्या रस्त्यावर मॅकरोनी विकली जायची ती वर किसलेलं चीज भुरभुरून, आणि लोक ती हातानं खायचे. टोमॅटो तिला भेटला एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. 1830 च्या दशकाच्या अखेरीस इप्पोलितो काव्हालकांती या नेपल्सच्या उमरावानं आपल्या पाकपुस्तकाला एक भाग जोडला, तोही घरगुती नेपोलितन बोलीत, आणि त्यात शेवयांसारख्या बारीक पास्त्याला टोमॅटो लावायची कृती दिली. म्हणजे ज्याला आपण इटलीचं सनातन जेवण समजतो ते दोनशे वर्षांच्या आसपासचं आहे. महाराष्ट्रात साबुदाणा आणि बटाटा उपासाला चालतात. तेही परदेशातून आलेले. तेव्हा यावर आपण फार आश्चर्य करू नये हे बरं.

मग 1891 साल. पेल्लेग्रिनो आर्तुसी हा रेशमाचा व्यापार करून निवृत्त झालेला एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ. त्याचं पाकपुस्तक छापायला कुणी प्रकाशक तयार होईना, म्हणून त्यानं ते फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या खर्चानं छापलं. पुढे ते इटलीतल्या घराघरांत गेलं. टोमॅटो सॉसच्या कृतीआधी तो एक गोष्ट सांगतो. रोमान्यातल्या एका गावात एक पाद्री होता. कुणाच्याही घरात घुसायचा, प्रत्येक भानगडीत नाक खुपसायचा. माणूस तसा सरळ, त्याच्या लुडबुडीतून वाइटापेक्षा भलंच जास्त व्हायचं. गावातल्या मिश्किल लोकांनी त्याचं नाव ठेवलं, डॉन पोमोदोरो, म्हणजे टोमॅटोमहाराज. कारण टोमॅटोही सगळीकडे असतो. आर्तुसीच्या सॉसमध्ये कांदा, लसूण, सेलरी, पार्सली आणि बेसिल बारीक चिरून टोमॅटोबरोबरच विस्तवावर चढतात. सगळं दाट झालं की चाळणीतून गाळायचं. पण तो बजावतो की ‘सूगो’ वेगळा. सूगोत टोमॅटो नुसते शिजवून गाळायचे, फार तर सेलरीचा तुकडा आणि बेसिल-पार्सलीची पानं. मला ही दुसरी वाट जास्त पटते.

आता पाण्याची दुसरी बाजू. टोमॅटो पाणीदार, म्हणून नाशवंत. आणि इटलीत तो पिकतो उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. उरलेल्या महिन्यांचं काय? सिसिलीत बायकांनी उत्तर काढलं ते आपल्या वाळवणाच्या जातीचं. टोमॅटोचा रस मीठ घालून लाकडी फळ्यांवर पसरायचा, ऑगस्टच्या उन्हात दिवसभर हातानं हलवत राहायचं, संध्याकाळी आत घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायचा. शेवटी विटेच्या रंगाचा घट्ट गोळा उरतो, त्याला तिथे ‘स्त्रात्तू’ म्हणतात. पापड-कुरडया घालणाऱ्या कुणालाही त्या फळ्या, ती उन्हाची राखण आणि पावसाची धास्ती वेगळी समजावून द्यायला नको.

दुसरा मार्ग फ्रान्समधून आला. निकोला आपेर यानं अन्न बंद भांड्यात तापवून टिकवण्याची रीत 1810 मध्ये छापली. 1856 साली तोरिनोमध्ये फ्रांचेस्को चिरिओ या वीस वर्षांच्या तरुणानं डबाबंद मटारांपासून धंदा सुरू केला आणि पुढे त्याचं नाव टोमॅटोच्या डब्यांशी कायमचं जोडलं गेलं. उत्तरेला पार्माच्या परिसरात शेतीतज्ज्ञ कार्लो रोन्योनी यानं शेतकऱ्यांना टोमॅटोकडे वळवलं आणि तिथे आटवलेल्या गराचे कारखाने उभे राहिले. त्याच पार्मातल्या मुत्ती कंपनीनं 1951 मध्ये हा गर टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये भरून विकायला काढला. ट्यूबचं झाकण होतं शिवणकामातलं अंगुस्तान. गर संपला तरी अंगुस्तान घरात राही. विक्रीची अशी सुबक कल्पना मी क्वचितच पाहिली आहे.

डब्यासाठी टोमॅटोही वेगळा लागला. नेपल्सच्या दक्षिणेला, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी सार्नो नदीच्या खोऱ्यात सान मार्झानो सुल सार्नो नावाचं गाव आहे. तिथला टोमॅटो लांबट, निमुळता; आत दोनच कप्पे, बिया मोजक्या, गर घट्ट, साल पातळ आणि सहज सुटणारी. म्हणजे एकाच वजनात पाणी कमी आणि गर जास्त. युरोपीय संघानं 1996 मध्ये या टोमॅटोला भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना किंवा कोकणच्या हापूसला जसं मानांकन आहे, तसंच. आणि हापूसच्या पेटीचं जे होतं तेच इथेही : जगभर नावाचे डबे भरपूर, त्या खोऱ्यातला माल थोडा. इटलीत हिवाळ्यात डब्यातले सोललेले टोमॅटो वापरण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पूर्ण पिकल्यावर तोडून लगेच डबाबंद केलेला टोमॅटो हा हिरवट तोडून ट्रकमध्ये लाल झालेल्या टोमॅटोपेक्षा केव्हाही सरस.

हे लक्षात ठेवून आपल्या मंडईत जाऊ. इथे दोन तऱ्हा ठळक दिसतात. एक लांबट, टणक, जाड सालीचा, ज्याला भाजीवाले बहुधा हायब्रीड म्हणतात. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटमध्ये भरून शेकडो किलोमीटर जायचं असल्यानं तो तसा निवडलेला असतो. दुसरा गोल, चपटा, खाचांचा, पातळ सालीचा, आंबट आणि रसाळ. त्याला गावरान किंवा देशी म्हणतात. गावरान चवीला सरस, पण त्यात पाणी आणि बिया जास्त. लांबट टोमॅटोत गर भरपूर, चव मात्र बेताची. माझा सल्ला दोन्ही मिसळून घ्यावेत : दोन भाग लांबट, एक भाग गावरान. हिवाळ्यात, आवक वाढून भाव पडलेले असताना, सॉस करावा. जुलै 2023 सारख्या काळात, जेव्हा किलोचा भाव दीडशेच्या पुढे गेला होता, तेव्हा या प्रकरणाकडे वळू नये. आणलेले टोमॅटो कडक असतील तर दोन-तीन दिवस टोपलीत, हवेवर ठेवावेत. फ्रिजमध्ये नको. बारा अंशांच्या खाली वास तयार करणारी यंत्रणा मंदावते, आणि फार दिवस थंडीत राहिलेला टोमॅटो बाहेर काढला तरी तो वास पूर्ण परतत नाही.

साल काढावी लागते, कारण ती शिजत नाही. गुंडाळी होऊन दातांत येते. इटालियन रीत म्हणजे टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकायचा, लगेच गार पाण्यात घ्यायचा, साल सुटते. याहून सोपी युक्ती किसणीची. टोमॅटो आडवा अर्धा कापून कापलेली बाजू किसणीवर घासावी. गर खाली पडतो, साल हातात राहते. जास्त प्रमाणात करायचं असेल तर घरातलं पुरणयंत्र काढावं. इटलीतल्या घरांत टोमॅटो गाळायला जे ‘पास्साव्हेर्दुरे’ वापरतात ते हेच : गोल भांडं, तळाला जाळी, वर फिरवायचं पातं. टोमॅटो आधी दहा मिनिटं शिजवून त्यातून फिरवावेत, साल आणि बऱ्याचशा बिया वर राहतात. मिक्सर मात्र नको. त्यात हवा घुसते, लाल रंग फिका नारिंगी होतो, आणि बिया फुटल्या तर कडवटपणा उतरतो.

बिया काढायच्या का? जुन्या पुस्तकांत काढायला सांगतात. पण बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ग्लुटामेट हे द्रव्य बाहेरच्या गरापेक्षा जास्त असतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात 2007 च्या सुमारास हे मोजून पाहिलं गेलं. ग्लुटामेट म्हणजे मांसरसासारखी भरीव चव देणारं द्रव्य. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून ते ओळखलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. टोमॅटो सॉसमध्ये मांस नसताना तो जेवल्यासारखा लागतो, त्याचं एक कारण हे. तेव्हा बिया राहू द्याव्यात, निदान तो रस तरी गाळून परत घालावा.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. टोमॅटो चिरला किंवा किसला की त्यातली काही एन्झाइम लगेच पेक्टिनवर तुटून पडतात, आणि पेक्टिन तर गर आणि पाणी यांना एकत्र बांधून ठेवणारा धागा. किसलेला गर ओट्यावर अर्धा तास राहिला की खाली पाणी आणि वर चोथा अशी फाळणी होते. असा गर कितीही आटवला तरी मिळून येत नाही. ही एन्झाइम ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे झपाट्यानं निकामी होतात. म्हणून कारखान्यांत टोमॅटो चिरडल्या चिरडल्या तापवतात. घरी एवढंच करायचं : तेल तापलेलं असताना किसावं आणि लगेच कढईत ओतावं.

भांडं पसरट हवं. पाण्याची वाफ पृष्ठभागावरून जाते. उंच पातेल्यात चाळीस मिनिटं लागतील ते पसरट भांड्यात वीस मिनिटांत होतं, आणि वीस मिनिटांत टोमॅटोचा ताजा वास बराच टिकतो. झाकण नाही, शिंतोड्यांची भीती असेल तर जाळी ठेवावी. प्रेशर कुकरचा इथे उपयोग नाही, तो तर पाणी कोंडून ठेवण्यासाठीच बनलेला. धातूही पाहावा लागतो. टोमॅटोचा सामू साधारण 4.2 ते 4.6, म्हणजे चांगला आंबट. लोखंडी कढईत सॉस काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी-ताक जसं कळकतं तसं याचंही होईल. कल्हई म्हणजे कथलाचा मुलामा, आणि टोमॅटोच्या पत्र्याच्या डब्यांना आतून हाच कथील लावत आले आहेत. तांबट आणि इटालियन कारखानदार यांनी एकाच आंबटपणावर एकच तोडगा शोधला. घरी स्टीलचं जाड बुडाचं पसरट भांडं उत्तम.

प्रमाण चार माणसांना : टोमॅटो एक किलो, ऑलिव्ह तेल चार मोठे चमचे, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, मीठ एक लहान चमचा, बेसिलची आठ-दहा पानं. तेल मंद आचेवर ठेवून त्यात लसूण ठेचून किंवा अख्खा टाकावा. इथे फोडणीची सवय आवरायची. धूर नाही, तडतड नाही, लसूण लाल करणं नाही. कडेनं बुडबुडे येऊन वास सुटला आणि पाकळी सोनेरी व्हायला लागली की बस. करपलेल्या लसणाचा कडूपणा टोमॅटो झाकत नाही, पसरवतो. मग टोमॅटो आणि मीठ. आच मोठी करून उकळी आणावी, नंतर मध्यम. पंधरा ते पंचवीस मिनिटांत गर निम्म्यावर येतो. पळीनं तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर उघडी राहावी आणि कडेला तेल वेगळं दिसायला लागावं. तेलाची खूण महत्त्वाची : आतलं मोकळं पाणी संपत आलं की तेल सुटतं. रश्श्याला तर्री येते ती याच कारणानं, त्यामुळे हे आपल्या डोळ्याला शिकवावं लागत नाही. टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपिन हे द्रव्य. ते पाण्यात नव्हे, तेलात विरघळतं, म्हणून ते सुटलेलं तेल नारिंगी असतं. शिजवल्यानं आणि तेलाच्या सोबतीनं हे लायकोपिन शरीराला कच्च्या टोमॅटोपेक्षा सहज मिळतं.

नेपल्सला दुसरं टोकही आहे. तिथला रविवारचा मांसाचा ‘रागू’ तासन् तास मंद आचेवर रटरटतो. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या 1959 च्या ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’ या नाटकात सगळं घर त्या रागूभोवती भांडतं. तो पदार्थ निराळा, त्याचं शास्त्र निराळं. साध्या सॉसला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. दीड तास आटवून तो मधल्यामध्ये लटकतो, ना ताजा ना रागू.

आंबट झाला तर? बरेच जण साखर सुचवतात. पाव चमचा चालेल, पण ती आंबटपणा कमी करत नाही, त्यावर पांघरूण घालते. खाण्याचा सोडा खरोखर आम्ल मारतो, फसफस दिसते, पण चिमटीपेक्षा जास्त पडला की साबणासारखी चव येते. मी दोन्हींपेक्षा गाजराचा लहान तुकडा सॉसमध्ये शिजवून काढून टाकणं पसंत करीन. कांदा घालायचा असेल तर तो टोमॅटोच्या आधी तेलात पूर्ण मऊ करून घ्यावा. आम्लात कांद्याचं पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे टोमॅटो आधी पडला तर कांद्याचे तुकडे तासाभरानंतरही करकरीत राहतात. इटलीतल्या बऱ्याच घरांत कांदा किंवा लसूण यांतलं एकच घेतात, दोन्ही नाही. चातुर्मासात दोन्ही वर्ज्य असतील तरी अडत नाही : तेल, टोमॅटो, सेलरीचा तुकडा आणि बेसिल, हा आर्तुसीचा सूगोच आहे, तडजोड नव्हे.

ज्याला चुलीजवळ उभं राहायचं नाही त्यानं मार्चेल्ला हाझान यांची वाट धरावी. चेझेनातिको गावी 1924 मध्ये जन्मलेल्या या बाई विज्ञानाच्या डॉक्टरेट. लग्नानंतर न्यूयॉर्कला गेल्यावर स्वयंपाक शिकल्या आणि 1973 च्या पहिल्या पुस्तकापासून अमेरिकेला इटालियन रांधणं शिकवत राहिल्या. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या सॉसमध्ये ना तेल, ना लसूण, ना बेसिल. डब्यातले सोललेले टोमॅटो दोन कप, लोणी पाच मोठे चमचे, सोलून दोन भाग केलेला एक कांदा, मीठ. सगळं एकत्र पाऊण तास मंद शिजवायचं, अधूनमधून टोमॅटो चेपायचे, शेवटी कांदा काढून टाकायचा. लोण्यातल्या स्निग्धतेनं आंबटपणा गुळगुळीत होतो. आपल्याकडचं पिवळं बटर खारं असतं, तेव्हा ते वापरल्यास वरून मीठ चव बघूनच. घरचं पांढरं लोणी असेल तर प्रश्नच नाही.

बेसिल शेवटी, आच बंद करताना, पानं हातानं तोडून. त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो; सुरुवातीला घातलं तर वीस मिनिटांत वास छताला आणि काळी पानं कढईत. तुळस त्याऐवजी चालत नाही, तिचा लवंगेकडे झुकणारा उग्रपणा टोमॅटोवर चढून बसतो. पण फालुद्यात जो सब्जा घालतो त्याचं झाड आणि इटालियन बेसिल एकाच जातीचे, वाण तेवढे वेगळे. सब्ज्याचं बी कुंडीत पेरलं तर येणारी पानं जेनोव्हाच्या बेसिलइतकी गोडसर नसतील, तरी सुकलेल्या पुडीपेक्षा खूप बरी. ओरेगानोची पुडी या सॉसमध्ये सहसा पडत नाही. ती लागते पिझ्झा मारिनाराला, ज्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीज नसतं.

पास्ता उकळताना इटालियन हिशेब असा : शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. वरच्या प्रमाणातल्या सॉसला चारशे ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी तो उपसून थेट सॉसच्या कढईत टाकावा, सोबत पास्त्याचं पिठूळ पाणी एक-दोन पळ्या. इतका वेळ पाणी घालवण्यात गेला आणि आता परत पाणी, हे विसंगत वाटेल. पण या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो आणि तो तेल व टोमॅटो यांना एकजीव करतो. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतलं की सॉस पास्त्याला चिकटून बसतो. वर चीज किसायचं असेल तर शाकाहाऱ्यांनी एक जाणून घ्यावं : खऱ्या पार्मिजानो रेज्जानोमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि तो त्याच्या नियमांचाच भाग आहे. रेनेट वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्यावं, किंवा चीज गाळावं. सॉस त्याच्यावाचून अडत नाही.

दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये अख्खं कुटुंब जमून वर्षभराची ‘पास्साता’ भरतं : गाळलेला टोमॅटो बाटल्यांत, प्रत्येक बाटलीत बेसिलचं पान, बाटल्या फुटू नयेत म्हणून मध्ये जुनी फडकी, आणि सगळं मोठ्या पिंपात पाण्यात उकळायचं. स्वस्ताईच्या दिवसांत आपल्यालाही तो मोह होईल. पण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू बंद बाटलीत सामू 4.6 च्या वर असेल तर वाढू शकतो, आणि टोमॅटो नेमका त्या सीमेवर असतो. म्हणून घरी बाटल्या भरणाऱ्यांना अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायला सांगतात, तोही बाटलीबंद, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. लसूण आणि तेल घातलेला तयार सॉस बाटलीत भरून कपाटात ठेवूच नये. फ्रिजमध्ये तो चार दिवस राहतो. त्यापुढे ठेवायचा असेल तर बेसिल न घालता, एका जेवणाला लागेल एवढ्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. डबा काठोकाठ भरू नये, कारण उरलेलं पाणी गोठताना फुगतं.